हळदीची खूण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हॉलमध्ये पाणी सांडलं. ठरवून सांडलं.

मुलगा महादेवपुऱ्यात कंपनीत आहे. घर बदलताना त्यानं माशांची मोठी काचपेटी आमच्या मल्लेश्वरमच्या घरात आणून ठेवली. पेटीच्या खाली टब. टबातलं पाणी मोटर वर चढवते आणि पेटीतलं जास्तीचं पाणी कोपऱ्यातल्या उभ्या नळीतनं परत टबात पडतं. नळी मी जोडली. शिकलो चौथीपर्यंत, पण निपाणीकडनं इथं बेंगळुरात येऊन चाळीस वर्षं लोकांचे नळ जोडले. मला कोण शिकवणार?

बायकोनं शिकवलं. एकदा नळीच्या तोंडात गोगलगाय अडकली, पेटी वाहिली आणि काठावरनं निसटलेला एक मासा सोफ्याखाली मेलेला सापडला. दोन दिवस माझ्या ताटात भाजी आदळून पडायची. तिसऱ्या दिवशी बोलली, "दुसरी नळी घाला. पहिली तुंबली तर पाणी हिच्यातनं जाईल. हिला बंद करायची चावी नको, काही नको. मोकळी ठेवा."

"आणि ती पण तुंबली तर?"

"तर तुम्हाला नळवाला म्हणायचं सोडून देऊ."

घातली दुसरी नळी. पाणी सांडलं त्या सकाळी ती म्हणाली, "बघू तरी चालते का." मोरीतल्या नळाला तीन वर्षं मी चिंधी बांधून ठेवली होती, गळू नये म्हणून. ती सोडून आणली आणि पहिल्या नळीत कोंबली. पाणी चढत गेलं. दुसऱ्या नळीकडं ढुंकून न बघता काचेवरनं थेट फरशीवर आलं.

नळी मी काचेच्या काठाबरोबर ठेवली होती. आम्हा नळवाल्यांची ही खोडच. नळी लांबच ठेवायची, तोकडी कापली की जोड द्यावा लागतो.

ती पदर तोंडाला लावून हसली. मोटर बंद केली, चिंधी ओढून काढली, पाणी खाली उतरलं. फोडणी टाकून आली होती, हात तसाच हळदीचा. पांढऱ्या नळीवर काठाच्या दोन बोटं खाली तिनं बोट टेकलं, तिथं पिवळा ठिपका उठला.

"इथं कापा."

"उद्या कापतो."

"मोरीचा नळ पण उद्याच होता की."

चिंधी तिनं खिडकीत वाळत घातली. दोघांनी मिळून फरशी पुसली. ती वाकून, मी पायानं. त्यावरनंही तिनं बोलून घेतलं. जेवलो. ती जरा पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. मुलगा-सून आले, दिवे लागायच्या आत सगळं आटपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल माणसांनी भरला होता. चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या अक्का इडल्या घेऊन आल्या, "अण्णा, स्वल्प खा," म्हणाल्या. मी होकाराचं "सरी" म्हटलं आणि करवतीचं ब्लेड शोधायला गेलो.

मुलगा म्हणाला, "अप्पा, आत्ता? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. उद्या म्हणालो होतो, तो आज आहे."

नळी जागच्या जागीच कापली, नुसत्या ब्लेडनं. भुसा पाण्यात पडू नये म्हणून सुनेला चहाची गाळणी धरायला लावली. ठिपक्यावर कापली असती तर ठिपका भुशात गेला असता. म्हणून केसभर वर कापली.

खिडकीतली चिंधी पहिल्या नळीत कोंबली आणि मोटर लावली. सगळे बघत बसले, जणू मी काही पूजा मांडली होती. पाणी चढलं. ठिपका बुडाला. मग पाणी नळीच्या तोंडावर आलं आणि गुमान आत उतरलं. घटकाभर थांबलो. काचेवरनं थेंब आला नाही.

"चाललं," मी म्हटलं. ज्याला सांगायचं होतं ते माणूस तिथं नव्हतं. सुनेनं मान हलवली, तेवढं पुरे झालं.

चिंधी काढून घेतली आणि मोरीत गेलो. नळाला परत बांधायला घेतली, हात अडला. पिशवीतनं वॉशर काढला, पान्यानं नळ उघडला आणि बसवला. काही मिनिटांचं काम होतं.