शोभाला सांगितलं ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगते.

शोभा माझी धाकटी जाऊ. जळगावकडून लग्न होऊन बडोद्याला आली, तेव्हा तिला गुजरातीचा गंध नव्हता. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत तिच्या वतीने मीच बोलायची. मुलगी झाल्यावर चार-पाच वर्षं तिला दुसरं नको होतं. तांबी सोसली नाही. ऑपरेशनचं नाव काढलं तरी रडायची. निजामपुऱ्यात एक डॉक्टरीणबाई तेव्हा चिरफाड न करता उपाय करायच्या — नळीतून गोळ्या आत सोडायच्या, की गर्भाच्या नळ्या बुजायच्या. पुढे त्या गोळ्यांवर बंदी आली. मला वाटलं, तांबीसारखंच काहीतरी असेल. — खरंच वाटलं होतं?

शोभा मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. बाईंनी मला आत गुजरातीत सगळं सांगितलं — हे कायमचं, यानंतर मूल होत नाही. "एमने बराबर समजावजो, बेन" — त्यांना नीट समजावून सांगा, असं बजावलंही.

बाहेर आले. शोभाने एवढंच विचारलं, ताई, पुढे हवं झालं तर? मी म्हटलं — होईल की.

का? माझा निखिल घरातला एकुलता नातू होता, म्हणून. सासूबाईंचा जीव आधीच शोभावर. तिला मुलगा झाला असता, तर आम्हा मायलेकांना कोण विचारणार होतं? इतकंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढे तिला मूल हवं झालं. दुसऱ्या डॉक्टरांकडे तपासणीत नळ्या बंद निघाल्या. आधी काही उपाय केला होता का, असं त्यांनी गुजरातीत विचारलं — अर्थात मलाच. मी म्हटलं, "ना." काय म्हणतात, शोभाने विचारलं. नशीब म्हणतात, मी सांगितलं. तिने सोळा सोमवार धरले. उद्यापनाचे लाडू मी वळले. रडू आलं का मला? नाही. लाडू चांगले झाले होते.

आता आम्ही दोघी हरणीला एकाच सोसायटीत राहतो. तिची मुलगी सासरी आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून शोभाच माझं सगळं करते. गुजराती तिला आता माझ्याहून चांगलं येतं. परवा शेजारीण मला बघायला आली, तर शोभा तिला सांगत होती — "आ मारां जेठाणी छे ने, एमणे मने ऑपरेशनथी बचावेली."

धाकट्या जावेला ऑपरेशनपासून वाचवणारी म्हणून शेजारणीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी शोभाला म्हटलं, चहा टाक. तिने टाकला. आलं घालून, मला आवडतो तसा.