खुब्यातलं प्लास्टिक

आमच्या बेलापूरच्या घरात टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक आहे, सोफ्यावर चादर आहे, आणि ती मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक जुनी चादर आहे. ही सगळी माझी करामत. चांगली वस्तू वापरली की झिजते, हा आमच्या घराण्याचा धर्म. त्यामुळे खुब्याचा सांधा बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की टिकेल किती?

त्यांनी टेबलावरचा नमुना माझ्या हातात दिला. दांडा टायटॅनियमचा, गोळा सिरॅमिकचा, आणि गोळा ज्या वाटीत फिरतो तिला आतून प्लास्टिकचं अस्तर. झिजलंच तर ते अस्तर झिजतं, म्हणाले, पण हल्लीचं प्लास्टिक चिवट असतं, बरीच वर्षं काढेल. मी त्यातलं 'झिजतं' तेवढं उचललं. झिजलं की पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात ते मला झेपणार नव्हतं.

ऑपरेशन झकास झालं. दुखणं गेलं. आणि मी बसलो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तशी पावलं साठवू लागलो. या घरात आल्यापासून दर रविवारी सकाळी बायको आणि मी मासळी आणायला दिवाळे गावच्या कोळीवाड्यात चालत जायचो. आता ती एकटी जाऊ लागली. "सांधा कपाटातच ठेवायचा होता, डांबरगोळ्या घालून," एवढं म्हणायची आणि पिशवी घेऊन निघायची.

यंदा दोघं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावला.

"अस्तर जसंच्या तसं आहे," ते म्हणाले. मी बायकोकडे ऐटीत पाहिलं. मग त्यांनी माझी मांडी दाबली. "ही मात्र झिजली. सांध्याला धरून ठेवणारे स्नायूच असे सुकले तर कसं व्हायचं? चाला की. चालण्यासाठीच बसवलाय तो."

घरी आल्यावर बायकोने रिमोटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

रविवारी दोघं निघालो. सावकाश, पण न लंगडता. खाडीचा वास आला आणि मला एकदम भरून आलं. कोणी कुठे ते प्लास्टिक शोधलं असेल, कोणी तो गोळा घासून गुळगुळीत केला असेल, देव जाणे. त्या सगळ्यांना मी मनोमन हात जोडले.

आमची नेहमीची कोळीण मला पाहून हसली. "दादा, गावावरून कदी आले? ताईला दर टायमाला इचारते, तर म्हनते, गावाला हाय."

मी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून बोंबील निवडत होती.

"आजच आलो," मी म्हणालो आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.