खड्ड्यासकट घर विकणे आहे

घर विकायला काढलं की गिऱ्हाईक जमत नाही, किस्से मात्र जमतात! आमच्या घराचे तर इतके जमले की आम्ही तिघं भावंडं कुठल्याही लग्नात भेटलो की पंगत राहते बाजूला आणि हेच सुरू होतं. ऐकणारे पोट धरून हसतात. आम्हीही हसतो, नाही असं नाही. फक्त शेवटचा किस्सा दादा पुरा होऊ देत नाही. आज तो इथं नाही, तोवर सांगून घेते.

आमचं घर सक्करदऱ्याच्या बाजूला, विणकरांच्या मोहल्ल्यात. पुढची खोली म्हणजे बाबांचा माग. खड्ड्याचा माग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीतच चांगला मांडीएवढा खोल खड्डा असतो. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, आणि पायानं खालच्या पावड्या दाबत वर हातानं धोटा फेकतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खटखट, खटखट. त्या खटखटीत आम्ही पाढे पाठ केले. दादा सरकारी हापिसात लागला, मी शाळेत मास्तरीण झाले, धाकटा शेखर दवाखान्यात कंपाउंडर झाला. मागावर बसणारं कोणी उरलं नाही. बाबा मात्र बसत होते.

पॉवरलूमच्या स्वस्त लुगड्यांनी धंदा केव्हाच बसवला होता, पण घर विकायचं कारण ते नव्हतं. कारण होतं आईचा दमा. घराच्या मागेच सूत रंगवायची भट्टी होती. तिचा धूर थेट आमच्या सैपाकघरात. डॉक्टरनं साफ सांगितलं, जागा बदला, नाही तर औषधाचा उपयोग नाही. दादानं गावाबाहेर नव्या कॉलनीत ब्लॉकसाठी नंबर लावला. तो घ्यायचा तर हे घर विकणं भाग होतं.

बाबांनी फार वेळ घेतला नाही. आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "इकून टाका. पन तिकडं खड्डा पाह्यजे. माहा माग बसला पाह्यजे."

दादा म्हणाला, "हाव बाबा, देतो ना खनून."

नंतर सोडत निघाली. ब्लॉक लागला पहिल्या मजल्यावर!

आता पहिल्या मजल्यावर कोण कुठं खड्डा खणणार, सांगा. बदलून मागितला तर मिळेना. आणि हे बाबांना सांगायचं कोणी? घर विकायच्या त्या सगळ्या धामधुमीत आमचं खरं काम एवढंच होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

*

आमच्या खानदानात कोणी कधी घर विकलेलं नव्हतं. लुगडी विकली होती. दादानं एक दलाल शोधून आणला, गुलाबभाऊ. सफारी घालायचे आणि सुपारी कातरता कातरता सल्ला द्यायचे. पहिला सल्ला हा की गिऱ्हाईक आलं की माग बंद ठेवा, घर मोठं दिसतं.

पहिलं गिऱ्हाईक कळमन्याचा धान्याचा व्यापारी, बायकोला घेऊन आला. बाबांना बजावून ठेवलं होतं, तरी ते मागावरच. म्हणाले, काठ अर्ध्यावर आहे, सोडून कसा उठू? गुलाबभाऊंनी कपाळावर हात मारला.

व्यापारी छप्पर बघत होता, दादा विहिरीचं पाणी किती गोड ते सांगत होता, आणि व्यापाऱ्याची बायको मागापाशी जाऊन बसली ती उठेचना. बाबांनी तिला काठ दाखवला, पदर कसा येणार ते सांगितलं, सुताचा नंबर सांगितला. घरात तिघं शिकलेले, पण माल दाखवावा कसा ते त्या दिवशी आम्ही पाहिलं. अर्ध्या तासानं ती माणसं खूष होऊन गेली. जाताना लुगडं विणायला सांगून गेली. घराचं नावही नाही.

दादा चिडून म्हणाला, "बाबा, आपल्याले घर इकाचं होतं ना!"

बाबा धोटा फेकत म्हणाले, "मले जे इकता येते ते मी इकलं. तुले जे इकता येते ते तू इक."

*

दुसरा सल्ला, घर रिकामं करा. अडगळ पाहून गिऱ्हाईक बिचकतं.

आमच्या माळ्यावर काय नव्हतं? मोडकी फणी, तुटका चरखा, आमचा तिघांचा पाळणा, बिनकानाच्या कढया, आजोबांची एकच खडाऊ. मी आणि वहिनीनं पदर खोचून सगळं खाली काढलं आणि ओट्यावर रचून ठेवलं. आई आत तोंडाला पदर लावून खोकत बसली होती. तिला म्हटलं, तू बघूच नको.

पण आमचा मोहल्ला असा की कोणाची वस्तू बाहेर दिसली की ती विसरून राहिली असंच समजायचं. संध्याकाळी शाळेतून येते तर पाळणा घरात! समोरच्या काकूंनी उचलून आणला होता, वर म्हणे पाऊस आला असता तर लाकूड खराब झालं असतं ना वं बेबी. कढया शेजारच्या सुनेनं घासून परत आणल्या. चरखा तर कोणीतरी दुरुस्त करून दिला!

तीनचार दिवस हेच. मी बाहेर ठेवायची, मोहल्ला आत आणून द्यायचा. शेवटी वैतागून सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर घातलं आणि सुटले एकदाची म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला दारात. हातात पाळणा. तोही आमच्याच गल्लीतला ना! म्हणाला, "बेबीताई, हे चुकून आलं वाटते. लेकराचं हाय."

त्याच्यासमोर मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं होतं आपण फार चांगलं काम केलं.

*

मग एक पेन्शनर आले. घर आवडलं, भिंती ठोकून पाहिल्या, सगळं ठीक. त्या दिवशी बाबा बाजारात सूत आणायला गेले होते म्हणून खड्डा रिकामा दिसत होता. पेन्शनर काठाशी उभे राहिले आणि खाली बघून एकदम हळू आवाजात विचारायला लागले, की इथं काही निघालं होतं का?

दादाला समजेना. गुप्तधनाचं विचारताहेत हे समजलं तेव्हा तो म्हणाला, छे छे, हा मागाचा खड्डा. पेन्शनर हसले. म्हणाले, हो हो, तसंच म्हणायचं असतं. दादा जितका नाही म्हणे तितकी त्यांची खात्री पटत चालली. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन आले. मेहुणा लोखंडी सळई घेऊन आला होता. खड्ड्यात उतरून चारी बाजूंनी खुपसून पाहिली. गुलाबभाऊ दादाच्या कानात म्हणाले, बोलू नका, समजू द्या काय समजायचं ते, भाव चढतो.

इतक्यात बाबा आले. परका माणूस आपल्या खड्ड्यात उभा पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढेच झाले. पण ते चिडले नाहीत. पेन्शनरांनी सरळ विचारलं, काका, खरं सांगा, यातून काय निघालं?

बाबा म्हणाले, "निघाले ना. माहे तीन पोट्टे शिकून निघाले यातून. आता खाली काही नाही राह्यलं."

पेन्शनर परत आले नाहीत.

*

त्या रात्रीच्या जेवणानंतर आम्ही तिघं सैपाकघरात बसलो. ठरवलं की आता सांगायचंच. आईला म्हटलं तू सांग. आई कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "माह्या दम्यापायी घर चाललं त्याहिचं. आता हे बी मीच सांगू का?"

मग मोठा म्हणून दादा गेला. आम्ही दाराआड. दादा काठाशी बसला, खाकरला. तो तोंड उघडणार तर बाबाच म्हणाले, बरा आला, आणि त्याच्या हातात एक सुतळी दिली. खड्ड्याची लांबी. म्हणाले मिस्त्रीले दे, अंदाजानं खणतात लेकाचे, मग पाय पोचत नाहीत. दादा सुतळी घेऊन परत.

मी म्हटलं, तुझ्यानं काय होणार, मी जाते. मी शाळेत साठ साठ पोरांना गप्प करते, मला काय! गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, बेबी, तुझं डोकं हिशेबाचं आहे, हे तू ठेव. दुसरी सुतळी. रुंदी.

शेखरला ढकललं. तोही गेला आणि तोही आला.

सैपाकघरात आम्ही तिघं तीन सुतळ्या घेऊन बसलो होतो. लांबी, रुंदी, खोली, सगळी मापं आली. निरोप कोणाचाच गेला नाही. शेखरला हसू आलं, त्याचं पाहून मला, आणि दादा म्हणाला, "हसून काहून राहिले गा तुम्ही?" आणि तोही हसायला लागला. मी इतकी हताश आयुष्यात कधी झाले नाही.

*

शेवटी घर गेलं. घेणारा सायकलच्या दुकानवाला, भला माणूस. पुढच्या खोलीत दुकान टाकणार होता. अट एकच, खड्डा बुजवून द्या.

बाबा लुगडं पुरं करून उठले. माग त्यांनी स्वतः सोडवला, एकेक लाकूड जुन्या धोतरात गुंडाळलं. मुरमाची गाडी आली. मजूर लावतो म्हटलं तर नको म्हणाले. घमेल्या घमेल्यानं स्वतः भरला, धुमसानं ठोकून घट्ट केला, आईनं वरून सारवलं. कोणी म्हटलं नसतं की इथं काही होतं.

घराचा ताबा द्यायला अजून अवकाश होता. तेव्हा एक भलतीच गोष्ट आमच्या लक्षात आली. बाबांना मांडी घालता येत नव्हती! जन्मभर पाय सोडून बसलेला माणूस. जेवायचे तेही तिथंच, ताट मागाच्या फळीवर ठेवून. आम्ही त्यांना कधी पंगतीत बसलेलं पाहिलंच नव्हतं, आणि हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलंही नव्हतं. लग्नाकार्यातही ते वाढायला उभे असायचे. आम्हाला वाटायचं, हौस आहे.

आता ताट समोर ठेवलं की पाय कुठं ठेवावे ते त्यांना समजेना. लांब केले तर ताटाला लागत. आई म्हणायची, घाला ना जी मांडी, जमते हळूहळू. गुडघे वाकायचेच नाहीत. शेखरनं तेल चोळून दिलं. बाबा शाळेतल्या पोरासारखे भिंतीला टेकून रोज सराव करायचे. शेजारच्या काकू पाहायला आल्या तर आई म्हणाली, "बसाले शिकून राहिले."

मधूनच ते दादाला विचारायचे, तिकडचा खड्डा कुठवर आला? दादा सांगायचा की मिस्त्री गावाला गेला आहे. तो मिस्त्री इतके दिवस गावाला होता की आई एकदा म्हणाली, त्याले आता बलावूच नका.

*

आणि जायचा दिवस आला. सामान ट्रकनं पुढे गेलं, सोबत दादा आणि शेखर. आई, बाबा, मी रिक्षातून. बाबांनी ते घर तोवर पाहिलं नव्हतं. कितीदा चला म्हटलं तर म्हणायचे, पोरानं पाह्यलं म्हणजे मी पाह्यलं.

रिक्षा इमारतीखाली थांबली. मला वाटलं होतं ते खालच्या दाराकडे वळतील आणि मला तिथंच, रस्त्यावर सांगावं लागेल. पण दादा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि कठडा धरून चढायला लागले. आई मागून, दर दोन पायऱ्यांनी दम खात. मी तिच्या मागे.

वर दार उघडं होतं. खोली छान होती हो, खोटं कशाला बोलू. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, धुराचा वास नाही. फरशी नवी, गुळगुळीत. आईनं आत पाऊल टाकलं आणि कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. बाबांनी तो ऐकला. तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

मग खोलीच्या मध्यभागी गेले. चपला काढल्या. टाचेनं फरशीवर दोनदा ठोकलं. मजुरानं आणून ठेवलेली मागाची लाकडं कोपऱ्यात होती, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. दादा दारातच उभा, पांढराफटक. शेखर खिडकीकडे तोंड करून.

बाबांनी विचारलं, "खाली कोन राह्यते गा?"

दादा कसाबसा म्हणाला, "आहे एक फॅमिली. रेल्वेतले."

"भले हायेत?"

"हाव बाबा. भले आहेत."

बाबा म्हणाले, "मंग इचारून ये त्याहिले. माहे पाय त्याहिच्या घरात लोंबले तं चालन का?"

बाबा दादाकडे पाहत होते, उत्तराची वाट पाहतो माणूस तसे.

आणि दादा गेला! खरंच जिना उतरून खाली गेला. आम्ही वर उभे. किती वेळ झाला कोण जाणे. परत आला तेव्हा त्याचे डोळे लालबुंद होते, रुमाल हातात चोळामोळा.

म्हणाला, "कुलूप आहे, बाबा. घरी नाहीत कोनी."

बाबा म्हणाले, "बरं. उद्या इचार."