देवीकडे पाठ

“इंजिनेर, गाडी आजपण उठली नाय हां. आणि परीक्षा सोमवारपासून आहे.”

फोनवर दत्तूकाका होते. पूर्णगडच्या रस्त्यावरच्या एका गावातून ते जुनी डिझेल व्हॅन चालवायचे. त्या वर्षी गावातली दहावीची सगळी मुलं त्यांच्याच गाडीने परीक्षेच्या केंद्रावर जाणार होती, कारण त्या वेळेला एस.टी. नव्हती. गाडी दिवसभर घोड्यासारखी पळायची. सकाळी मात्र ढिम्म. अर्धा गाव मिळून ढकलायचा, तेव्हा कुठे खोकत खोकत सुरू व्हायची.

दहावी म्हटलं की मला माझी आठवते. वडील मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडायचे. आई काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायची, चिकाने तिची बोटं कायम काळी. घरात फोडायला आणखी काही नव्हतं, म्हणून मी शिकलो. परीक्षेला गेलो तो मासळीच्या टेम्पोत, बर्फाच्या पेटीवर बसून. वर्गावरच्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि मला खिडकीपाशी हलवलं. पेपर चांगला गेला. वारा चांगला येत होता.

पुढे आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. रत्नागिरीत गॅरेज टाकलं आणि पाटीवर ‘बी.ई. मेकॅनिकल’ असं दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. पेंटरने विचारलं होतं, “नक्की?” मी म्हटलं, “आणखी मोठं होईल का?”

असा हा इंजिनेर. त्याने व्हॅनला आतापर्यंत तीन औषधं दिली होती.

पहिलं औषध हीटर प्लग. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की ते आपोआप पेटतं. इंजिन गारठलेलं असेल तर आतली हवा तापवायला हीटर प्लग असतो. मी दत्तूकाकांना थंडीचा परिणाम या विषयावर लेक्चर दिलं. मार्च महिना होता आणि दोघेही घामाने निथळत होतो.

दुसरं औषध नोझल, म्हणजे तो फवारा मारणारा भाग. तिसरं, डिझेल फिल्टर. प्रत्येक वेळी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घ्यायचो आणि सकाळी चावी फिरवायचो. एका फटक्यात सुरू! मी खुशीत गाडी परत द्यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

“माझ्याकडे तर होते सुरू, काका.”

“मग मुलांना तुझ्याकडेच देतो झोपायला पाठवून,” काका म्हणाले.

शेवटी शनिवारी पहाटेची एस.टी. पकडून त्यांच्या गावात गेलो. तोपर्यंत आजारी माणसाला मी फक्त माझ्या दवाखान्यात बघत होतो.

काकांचं घर चढावर आहे. चढाच्या माथ्यावर ग्रामदेवीचं देऊळ. व्हॅन अंगणाबाहेर उभी होती, तोंड वर देवळाकडे, शेपटी खाली रस्त्याकडे. चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन गप्प. मग हाताने दाबायचा छोटा पंप असतो, प्रायमर, तो दाबून बघितला. मऊ! पोकळ! बराच वेळ दाबल्यावर हाताला जोर लागायला लागला. पुन्हा चावी फिरवली आणि गाडी सुरू.

म्हणजे रात्रीत पाइपमधलं डिझेल कुठेतरी जात होतं. कुठे? मी गाडीकडे बघितलं, चढाकडे बघितलं, आणि तिसऱ्या औषधानंतर प्रथमच डोकं चाललं. टाकी मागे, इंजिन पुढे. तोंड वर करून उभी केली की इंजिन उंचावर. वरच्या पाइपला बारीक भोक असेल तर तिथून हवा आत शिरणार आणि डिझेल रात्रभर घरंगळत टाकीत परत जाणार. माझ्या गॅरेजची जमीन पडली सपाट. तिथे ते जागच्या जागी राहायचं.

भोक दिसत मात्र नव्हतं. शहाळ्यातली नळी चिरलेली असली की तोंडात पाण्याऐवजी हवा येते, पण नळीतून बाहेर थेंब पडत नाही. तसंच हे. भोक आत ओढतं, बाहेर गळत नाही. सगळे जॉइंट आवळले, चाचपले, काही कळेना.

“काका, सोपं आहे. गाडी उलटी लावा. तोंड खाली, शेपटी वर. टाकी उंचावर गेली की डिझेल इंजिनकडे धावेल आणि भोकातून बाहेर येईल. उद्या सकाळी आपोआप सापडेल.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “गाडीची पाठ देवीकडे?”

“एक रात्र.”

“आमच्या गावात बैलगाडीसुद्धा कधी तशी लागली नाय. तू काय येडा झालास काय?”

“मग दुसऱ्या उतारावर लावू.”

“देऊळ माथ्यावर आहे, बाबा. गावात खय पण तोंड खाली केलंस तरी पाठ तिच्याकडेच.”

“मग रोज सकाळी हा पंप दाबा.”

“आणि घाटीत बंद पडली तर? पोरांचा पेपर तू लिहिणार?”

काकूंनी तोडगा काढला. “देवीलाच विचारा की. गाऱ्हाणं घाला.”

गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढे सगळ्यांच्या वतीने केलेली विनवणी. संध्याकाळी गुरव, काका, काकू, परीक्षेची मुलं आणि त्यांचे आईबाप देवळात जमले. मीही हात जोडून उभा. गुरवांनी नारळ ठेवला आणि सुरू केलं.

“हे आई, आज हा दत्तू तुझ्याकडे गाडीची पाठ करतोय, ती मस्तीने नव्हे, मुलांच्या परीक्षेसाठी...”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“गाडीत जे काय भोक असेल ते उजेडात आण...”

“होय म्हाराजा!”

“आणि हा इंजिनेर तीन वेळा चुकलाय. त्याच्या डोक्यात थोडा प्रकाश पाड...”

“होय म्हाराजा!” यावेळी देऊळ दणाणलं. सगळ्यात मोठा आवाज काकांचा. दुसरा माझा.

व्हॅन फिरवून लावली. काकांनी तिच्या मागच्या काचेवर झेंडूची माळ घातली, म्हणजे निदान पाठ तरी नटलेली दिसावी. मी त्यांच्या पडवीत झोपलो.

रविवारी उजाडताच काकांनी चावी फिरवली. एका फटक्यात सुरू. मी ड्रायव्हरच्या सीटखाली टॉर्च मारला. लोखंडी पाइपला जोडलेल्या रबरी तुकड्यावर, बरोबर क्लिपच्या कडेला, डिझेलचा थेंब लोंबत होता. क्लिप काढली तर खाली रबर चिरलेलं. नखाएवढी बारीक चीर. नवा तुकडा घातला आणि दुपारी गाडी पुन्हा तोंड वर करून लावली. संध्याकाळी सुरू. सोमवारी पहाटेही सुरू.

गावाने जाहीर केलं की देवीने भोक दाखवलं. नारळ गुरवांना मिळाला. मला काकूंनी शहाळं दिलं, नळीसकट.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. पावस मागे पडलं तेव्हा मला सुचलं की गॅरेजमध्ये मागच्या चाकांना जॅक लावून शेपटी उचलली असती, तरी तो थेंब पडला असता. देवीला त्रास न देता. चार वर्षं कॉलेज, आणि जॅक माझ्याच भिंतीला टेकून उभा.

तेव्हापासून एक नियम केला. गाडी आजारी असेल तर ती झोपते कुठे आणि कशी, हे आधी बघायचं. पाटीही पुन्हा रंगवून घेतली. डिग्री आहे, फक्त बेताच्या अक्षरात.

त्या वर्षी गावातली मुलं सगळ्या पेपरांना वेळेवर पोहोचली. सीटवर बसून, आणि एकाच्याही शर्टाला मासळीचा वास नव्हता.