सतरा नंबरची गल्ली

'समजा' या शब्दाचा इतका राग करणारी व्यक्ती अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल. नेमक्या त्याच व्यक्तीनं गणिती मॉडेलिंग आणि क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये एम.एस्सी. करायला यावं, वर माझीच प्रोजेक्ट पार्टनर व्हावं, याचा मला आजही संताप येतो. मॉडेलिंग म्हणजे असतं तरी काय? आधी काहीतरी समजायचं, जे अडचणीचं असेल ते नगण्य मानायचं, उरलेलं सोडवायचं आणि जग कळलं म्हणून चहा प्यायला जायचं. साधा, सज्जन धंदा आहे. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "समजा, हवेचा अडथळा नगण्य आहे." मागच्या बाकावरून आवाज आला, "का समजायचं, सर?" कानाभोवती ओढणी गुंडाळलेली, केस विस्कटलेली एक मुलगी उभी होती. म्हणाली, "मी छावणी भागातून सायकलवर आले. उलट्या वाऱ्यात. नगण्य नाय तो." वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. पुढं सरांनी आमची जोडी लावली ती त्याचीच शिक्षा म्हणून, असा माझा पक्का समज आहे.

पुस्तकात जिथं जिथं 'हे सहज सिद्ध करता येते' असं छापलेलं असे, तिथं तिथं ही समासात पेन्सिलीनं 'कोणाला?' असं लिहायची. आता हे तिनं स्वतःच्या पुस्तकात करावं की नाही? पण पुस्तक माझ्या कार्डावरचं. ग्रंथपालांनी मला बोलावून चाळीस पानं उलटून दाखवली आणि म्हटलं, "एवढं अवघड जात होतं तर दुसरा विषय घ्यायचा होता, बाळा." मी मान खाली घालून सगळे 'कोणाला?' खोडत बसलो, आणि खोडताना लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या जागी मलाही काही कळलेलं नव्हतं. दुसऱ्या सहामाहीपर्यंत सरांचीही सवय मोडली. ते खडू उचलायचे, "समजा" म्हणायचे, तिच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे मॅडमची हरकत नसेल तर."

क्वांटम कॉम्प्युटरवर तर तिचा वेगळाच दात होता. "दोन वर्षं ज्याचं शिकायचं त्याचं तोंड बघायला नको का? लग्न ठरवताना पण फोटो दाखवतात." आमच्या विभागात ते यंत्र नव्हतं, हे खरंच. जे काही क्वांटम व्हायचं ते माझ्या लॅपटॉपवर नकली व्हायचं, आणि त्या लॅपटॉपची बिजागरी तुटल्यामुळं तो भिंतीला टेकवल्याशिवाय उघडा राहत नसे. एकदा तिनं आईला क्युबिट, म्हणजे त्या यंत्रातला एकाच वेळी शून्यही आणि एकही असणारा आकडा, समजावला. "आई, नळाला पाणी आहे पण आणि नाय पण. उघडून बघितलं की मगच ठरतं." आई म्हणाली, "मग त्याला एम.एस्सी. कशाला लागतं गं? मी रोजच बघते की." हे ती मला सांगत होती तेव्हाही चिडलेलीच होती, आईचा मुद्दा खोडता येत नाही म्हणून.

प्रोजेक्टचा विषय तिनंच काढला: त्यांच्या भागातलं पाणी. तिथं एकोणतीस गल्ल्या, प्रत्येकीचा एक व्हॉल्व्ह. कुठले व्हॉल्व्ह पहिल्या पाळीत उघडायचे आणि कुठले बंद ठेवायचे, म्हणजे सगळ्यांचं मिळून पाण्यासाठी थांबणं कमीत कमी होईल, हे क्वांटम पद्धतीनं काढायचं. मी म्हटलं, आकडे मनानं घालू, कोण तपासतंय? त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. महिनाभर वही घेऊन गल्लोगल्ली हिंडली, किती घरं, पाणी कधी येतं, धार केवढी, सगळं लिहून आणलं. पाणी सोडणाऱ्या लाईनमननं तिला सांगितलं होतं, "मॅडम, मशीन को पहले ये पूछो, मैं टाइम पे आता क्या?" तेही तिनं वहीत उतरवलं. गल्ल्यांची नावं मात्र मला दिली नाहीत. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीला नंबर दिला. म्हणाली, "नाव दिसलं की हात वळतो माणसाचा."

तिला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाला जागा मिळाली होती, पण अट अशी की निकाल याच वर्षी लागला पाहिजे. तिचे वडील शेंद्र्याला कंपनीत होते. शिफ्टवरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "झाला का गं तो रिपोर्ट?"

रिपोर्ट द्यायच्या दिवशी सकाळी अकराला कॅन्टीनमध्ये मी तिच्यापुढं आलेख ठेवला. पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. आलेख इतका सुरेख उतरला होता की मी तो आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकला होता. तिनं आलेखाखालच्या गल्ल्यांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"सतरा कुठंय?"

"काढली. एक गल्ली वाढली की लॅपटॉपला जागा दुप्पट लागते. अठ्ठावीसपर्यंत मावतं, एकोणतीसला गप्प होतो. सतरामध्ये अकराच घरं होती, तीही पार शेवटाला. नगण्य."

"सतरामध्ये मी राहते."

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण मी शहाणा. मी म्हणालो, "अरे, आधी सांगायचं ना. मला माहीत असतं तर मी दुसरी काढली असती."

मला वाटलं, मी माफी मागितली. तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती चिडली नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

"म्हणजे दुसरी काढली असतीस," ती म्हणाली. "माझं नाव नाय जाणार ह्याच्यावर."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

मी खूप समजावलं. तिच्या वडिलांचं नाव काढलं, तेव्हा तिनं इतक्या शांतपणे माझ्याकडं पाहिलं की मी अर्ध्यातच थांबलो. मग तिनं माझ्यापुढचा कागद उलटा करून त्यावर दोन रेघा मारल्या. "तू काय केलंस सांगू? सतराला कायम बंद धरलंस. आता तिला उघडी धर. एक व्हॉल्व्ह आपण हातानं धरला की बाकीचे अठ्ठावीस मावतात. ते उत्तर आणि हे उत्तर शेजारी ठेवायचं. झालं. दोनदा चालवायचं होतं फक्त."

दोनदा. मला हे सुचलं नव्हतं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता.

लॅपटॉपला साडेपाच तास लागणार होते. आम्ही तो कॅन्टीनच्या भिंतीला टेकवला, आणि ती डेटाच्या वहीनं त्याला वारा घालत बसली. मला बोलायची बंदी होती. चहावाले चाचा मधूनच येऊन बघायचे आणि विचारायचे, "इसको बुखार है क्या?" पाचला दहा मिनिटं असताना उत्तर आलं. सुरेख आलेखाला मधोमध कुबड निघालं होतं. अकरा घरांना पाणी दिलं की बाकीच्यांचं थांबणं थोडं वाढत होतं. आम्ही तेच छापलं आणि धावत सुटलो. माझी चप्पल जिन्यात राहिली, ती अजून सापडलेली नाही.

तोंडीला बाहेरून आलेले परीक्षक आलेखावर पेन टेकवून म्हणाले, "ही एक गल्ली सोडली असती तर उत्तर फार छान आलं असतं."

"हो सर," ती म्हणाली. "कुठली सोडायची ते तुम्ही सांगा. फक्त तिथं जाऊन सांगा."

आपण त्या गल्लीत राहतो, हे तिनं सांगितलं नाही. मी तोंड उघडलं, तर तिनं टेबलाखालून माझा पाय दाबला. दोघांचेही गुण कापले. माझा प्रथम वर्ग थोडक्यात गेला, आणि त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. ती मात्र निकाल हातात घेऊन दक्षिणेत गेली. तिथल्या प्राध्यापकांची मला काळजी वाटते.

मी शेंद्र्याला एका कंपनीत मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक करतो. दिवसातून दहा वेळा काहीतरी नगण्य म्हणून सोडावं लागतं, आणि दर वेळी हात अडतो. काम उशिरा होतं, साहेब ओरडतात. हे नुकसान कोण भरून देणार?

दोन वर्षांत कधी गेलो नव्हतो, ती सतरा नंबरची गल्ली मी गेल्या महिन्यात पाहिली. तिच्या आईला औषधं पोचवायची होती. आमचं पाण्याचं वेळापत्रक अजून विभागाच्या कपाटातच आहे. पाणी पूर्वीसारखंच, कधीही येतं. मावशी पोळ्या लाटत होत्या. आतूनच म्हणाल्या, "आलाच आहेस तर बघ रं बाळा, पाणी आलंय का."

मी अंगणातल्या नळाशी गेलो. "काय वाटतं मावशी, आलं असंल का?"

"समजत बसू नको," त्या म्हणाल्या, "उघड."

आवाज हुबेहूब तिचा होता. मी चावीवर हात ठेवला. अजून पाणी होतं पण आणि नव्हतं पण.