मंगळाच्या फोटोतला दुसरा खड्डा

मी सातवी शिकलेली हाय, लिवन्यात चुकलं तर समजून घ्या. करणी, बाधा... असलं मी कदी मानलं न्हाई. सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासनं आमच्या घरात तसलं कुनी बोलतबी न्हाई. तरी हे सांगायलेय.

आमचे हे गुलबर्ग्याला कॉलेजात दगड-मातीचं शिकायलेत. मंगळाभवती फिरनाऱ्या यानानं वरून काढलेले फोटो सरांनी त्यांना आमच्या खोलीवर न्यायला दिलते. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे, वर दोन भिंगांची चौकट ठेवून बगायचं – मग खड्डे खरोखर खोल दिसतेत. एकेका खड्ड्याला पातळ कागदावर पेन्सिलीनं गोल करायचा, मोजायचं. खड्डे जास्त तर जमीन जुनी, म्हनतेत. मी म्हनायची, "आपल्या गल्लीतले मोजा की, ती मंगळापेक्षा जुनी निगंल!"

त्या दिवशी दुपारी पोरगी तापली हुती, आठ महिन्याची. तिला कडेवर घेऊन झाडताना मी फोटो उचलले, परत ठेवले, अन् सहज भिंगातून बगितलं...

खड्डे न्हाईतच. समदी टेकाडं! त्यात एक बारकं, लांबुळकं. वर पाच दगड, पायाकडचा फुटका.

माझं पहिलं लेकरू आमच्या गावाकडं, ठाणाकुशनूरला मातीत दिलंय. कुत्र्यानं उकरू नये म्हनून सासऱ्यांनी तस्सेच पाच दगड ठेवलते. फुटका पायाकडं. अन् फोटोत त्याच्या शेजारी अजून एक टेकाड... तेवढंच. वर दगड न्हाई.

मी वरडले. हे पळत आले.

"अगं येडी, डावा फोटो उजवीकडं ठेवलीस! मग खड्ड्याचं टेकाड दिसतंय." त्यांनी फोटो बदलले. "बग, खड्डेच हायेत का न्हाई?"

"व्हय," मी म्हनलं, "खोदून ठेवल्यावानी."

"कायबी बोलू नको." मग त्यांनी बगितलं. लई येळ. कालचा पातळ कागद वर धरला. त्या दोन खड्ड्यांच्या जागी एकच गोल हुता.

"राहिला असंल दुसरा."

पर ते मुगाएवढा खड्डाबी सोडत न्हाईत हो!

"मग घाम कामून आलाय तुमाला?"

पेन्सिल कागदावर टेकवली... अन् गोल काढलाच न्हाई. पोरीला माझ्याकडनं घेतलं, छातीशी धरून बसले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हनले, दातं यायलेत. असंल. फोटो परत गेले. सरांना ह्यांनी आकडा एक कमीच सांगितला. मी विचारलं, असं कामून? तर म्हनले, "मोजला की तो हाय म्हनल्यासारखं हुतंय."

शिकलेला मानूस... अन् असं म्हनला. ह्याचा उलगडा त्यांनाबी न्हाई, मलाबी न्हाई. पोरगी आता चालायलीय, भायेर खेळायलीय. दर दोन ओळीला उठून मी बगून यायलेय.