बयाची लेनी

नेरूळच्या सेक्टरांमध्ये कोण एकादशीलासुद्धा पिशवी पदराआड धरून कोलंबी घेतं आणि कोणाची सासू गावाला गेली की घरात सुरमई शिजते, ही सगळी माहिती करावे गावच्या गोजराबाईकडे असायची. दहा वर्षं ती मासळीची पाटी घेऊन त्या बिल्डिंगांचे जिने चढत होती. त्या बिल्डिंगांखाली तिच्या सासऱ्याची भातखाचरं होती, पण त्याचं रडगाणं ती कोणापुढे गायची नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावर दम लागला की कठड्याला टेकून म्हणायची, "आमच्याच शेतान आमालाच चढायला लावताव रं!"

सत्तावन्न वर्षांची, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. भावात घासाघीस करणाऱ्याची ती भर जिन्यात बिनपाण्याने करायची. अशा बाईला दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात, असं सांगितलं असतं तर सोसायटीतल्या कोणी विश्वास ठेवला नसता.

कराव्याच्या बांधावरून, तिवरांच्या पलीकडे, खाडी रुंद होत जाते तिथे घारापुरीचं बेट दिसतं. दोन डोंगर, एकमेकांकडे जरा कललेले. गोजराचं माहेरही कराव्यातलं आणि सासरही. मध्ये काय ती एक विहीर. त्यामुळे ते दोन डोंगर तिच्या डोळ्यांसमोरून एक दिवसही हलले नव्हते. तिची आई बया त्या बेटावरची. आणि आईची लेनी तिथे होती.

आता तुम्हा-आम्हाला लेणी म्हटलं की डोंगरात कोरलेला दगड आठवतो. पण कराव्यात त्या दगडाला म्हणत गुंफा. लेनी म्हणजे अंगावर घालायचं सोनं-नाणं, दुसरं काही नाही. आणि बयाच्या गळ्यात एका काळ्या पोतीशिवाय काही नव्हतं. मिठागरावर टोपल्या वाहताना बाया तिला छेडायच्या, "काय गो बये, तुजी लेनी कुठं ठेवलीस?" बया मान ताठ करून सांगायची, "आमची लेनी घारापुरीला हायेत. तुमच्या आख्ख्या कराव्यात मावनार नायत, एवडी!" बाया हसायच्या. आईचा पदर धरून उभी असलेली गोजरा मात्र हसायची नाही. ती बेटाकडे बघायची.

गोजरा आठ वर्षांची असताना, भर आखाडात, बया तापाने गेली. खाडी खवळलेली, होड्या बंद. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने पोरीला जवळ घेतलं आणि एवढंच सांगितलं, "सितारामाला सांग. मामाला. बोल, आयची लेनी दाव मना."

मामा दहाव्याला आला नाही की बाराव्याला. दिवाळीनंतर एकदा आला, पण गोजराच्या आत्याने त्याला ओटीवरही चढू दिलं नाही. त्याची पाठ वळल्यावर ती भाचीला म्हणाली, "बग, तुज्या आयचा सोना गिललान मेल्यानं. दावायलासुदा आनला नाय." पोरीच्या मनात ते जे रुतलं ते रुतलंच.

त्यानंतर गोजराने मामाचं नाव टाकलं. स्वतःच्या लग्नात मामाचा मान चुलत्याला दिला, मुलाच्या लग्नाचं त्याला आवतणही धाडलं नाही. कोणी विचारलं तर सांगायची, आमचा मामा चोर हाय. विहिरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, बेलापूरला सांगितलं. गावात लहान पोरालाही ठाऊक झालं की घारापुरीचा सिताराम बहिणीचं सोनं खाऊन बसलाय.

पण रागाच्या आत ते दुसरं होतं, ज्याबद्दल ती कोणाशीही बोलली नाही. पौषात सूर्य त्या डोंगरांच्या उजव्या अंगाला बुडायचा आणि पाण्यावरून एक सोनेरी पट्टा थेट बांधापर्यंत यायचा. गोजरा पाटी उतरवून तिथे बसायची. मग तिला सगळं दिसायचं. दहा वर्षांची होती तेव्हा पायातले तोडे दिसायचे. लग्नाच्या वयात ठुशी दिसली, पाटल्या दिसल्या. मूल झालं नाही तोवर कंबरपट्टा दिसत राहिला, कोणीतरी तो घालून कसल्याशा अंधाऱ्या खोलीत हलके हलके चालतंय असं वाटायचं, आणि मूल झाल्यावर तो नाहीसा झाला. डोंगर हळूहळू काळे व्हायचे, पट्टा विरायचा, डास चावायला लागायचे. ती उठून घरी जायची आणि नवरा वामन विचारायचा, "कुठं व्हतीस?" ती म्हणायची, "कुठं जानार?"

सोसायटीत नंदिनी बापट नावाची भूगोलाची शिक्षिका राहायला आली होती, दादरहून. नव्या गावात आलोय तर ते पाहिलं पाहिजे, असा तिचा ध्यास. दर पंधरा दिवसांनी रविवारी ती सोसायटीतल्या लोकांना गोळा करून कुठेतरी न्यायची. कधी बेलापूरच्या किल्ल्यावर, कधी खारघरच्या पांडवकड्याला, कधी कर्नाळ्याला पक्षी बघायला. गोजराला त्याची भारी गंमत वाटायची.

"किल्ला बगायला गेल्ती? तितं आमी गवत कापायला जायचो गो, बाय."

"मग तुम्हीच चला की दाखवायला," नंदिनी म्हणायची.

शहाण्णव सालच्या माघात नंदिनी म्हणाली, "गोजराबाई, पुढच्या रविवारी एलिफंटाला जायचंय. गेटवेपर्यंत कोण जाणार? इथूनच कोणाची होडी मिळेल का?" यलिफंटा म्हणजे घारापुरी, एवढं गोजराला कळत होतं. तिने दिवाळे गावच्या हिरामण कोळ्याची होडी ठरवून दिली आणि नेहमीसारखं "मी नाय येनार" म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात तिच्या नातीचं, सुचिताचं, लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त. मुलगी सावळी, हसरी, गळा लांब. बोलणी चालू असताना गोजरा तिच्या त्या गळ्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनाने घेतलं, की आता पुरे. अर्धं आयुष्य आपण बांधावर बसून काढलं. माझ्या आईचं सोनं माझ्या नातीच्या अंगावर पडलंच पाहिजे, मग म्हाताऱ्याच्या नरडीवर पाय द्यावा लागला तरी बेहत्तर.

"मी येतंव होडीत," ती नंदिनीला म्हणाली. नंदिनीला वाटलं, आपली चिकाटी फळाला आली.

रविवारी सकाळी भरलेल्या खाडीत हिरामणने होडी सोडली. ओहोटी नुकती लागत होती, पाणी स्वतःच होडीला ओढून नेत होतं. सोसायटीची दहा-बारा माणसं, पुरी-भाजीचे डबे, दोन कॅमेरे. किल्ल्याचा पडका बुरूज झाडीतून डोकावून मागे गेला. मिठाच्या पांढऱ्या राशी गेल्या. चिखलाच्या पट्टीवर रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, गुलाबी, धुक्यात अर्धा विरघळलेला. होडीच्या आवाजाने थवा उठला, गोल फिरला आणि पुन्हा तिथेच बसला. नंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजराचं मात्र लक्षच नव्हतं. ती मनात घोळवत होती, पहिलं वाक्य काय टाकायचं, आणि तो नाही म्हणाला तर दुसरं काय.

न्हाव्याच्या पुढे गेल्यावर, शेव्याच्या बंदरातल्या उंच क्रेनांसमोर, ते दोन डोंगर वाढायला लागले. जन्मभर मुठीएवढे दिसलेले डोंगर आता झाडांसकट, दगडांसकट पुढे येऊ लागले. गोजराने होडीची कड घट्ट धरली. तिला वाटलं, आपण जवळ जात नाही आहोत, तेच आपल्याकडे येतायत.

धक्क्यापासून वर जायला पायऱ्या आहेत, शंभरावर. मंडळी पुढे गेली. पहिल्या पायरीपाशी एक म्हातारा बांबूच्या काठ्या मांडून बसला होता. चढणाऱ्यांनी काठी न्यायची, उतरताना परत द्यायची.

"सिताराम कोन हितं?" गोजराने विचारलं.

"मीच. काठी पायजे?"

पाठ केलेलं पहिलं वाक्य पळालं, दुसरंही पळालं. म्हाताऱ्याचं नाक आईसारखं होतं. आईचा चेहरा आपण विसरलो होतो, हे तिला आत्ता, तो समोर आल्यावर कळलं.

"मी गोजरा. कराव्याची. बयाची पोर."

म्हातारा काठीला धरून उभा राहिला. तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्याने आपण विरघळू, अशी तिला भीती वाटली, म्हणून तिने घाईने बोलून टाकलं, "आय मरताना बोलली व्हती, मामाला सांग, लेनी दाव. ती बगायला आलेय. आज दाव."

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. चोराचं तोंड असं उजळत नाही, हे गोजरालाही कळलं, आणि ती गोंधळली.

"चल," तो म्हणाला. "आत्ताच चल." काठ्या तशाच टाकून तो निघाला.

पायऱ्या चढताना तिने त्याचा हात धरला नाही. वर कुठे नेतोय हा? घरं तर खाली दिसतायत. मग तिला उमगलं, पुरून ठेवलं असणार. जुनी माणसं पुरूनच ठेवायची. जंगलात, एखाद्या झाडाखाली, पेटीत. म्हातारा मध्येच थांबून म्हणाला, "हितं बया पडलेली. बकरीमागं धावताना." तो हसला आणि पुन्हा चढू लागला. पायऱ्यांवर उन्हाचे कवडसे हलत होते, माकडं झाडांतून बघत होती, आणि गोजराला हे सगळं आधी कधीतरी घडून गेल्यासारखं वाटत होतं.

वर पोचल्यावर त्याने तिला अंधारात नेलं. गार, उंच, दगडी खांबांचा अंधार. पाऊल वाजलं की त्याचा आवाज लांब जाऊन परत यायचा.

"ही बग," तो म्हणाला.

"काय?"

"लेनी."

"कुठं?"

"कुठं काय? ही काय! ही सगली लेनीच हायेत गो."

पलीकडच्या खांबाआडून नंदिनीचा शाळेतला आवाज येत होता. "ही लेणी साधारण सहाव्या शतकातली, आणि एकाच दगडात कोरलेली..."

गोजराने खांबाला हात लावला. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या भिंतीतून तो तीन तोंडांचा देव हळूहळू वर आला, माणसाच्या तिप्पट उंच, डोळे मिटलेला. त्याच्या गळ्यात हार होते, कानांत कुंडलं होती, डोक्यावर मुकुट. सगळं दगडाचं.

"हितं ती झाडू मारायची," मामा सांगत होता. "आन दुपारी हितंच, देवाच्या पायाशी निजायची. तिचा लगीन ठरला तवा माज्याकडं गुंजभर सोना नव्हता. मी रडलो. तर बोलते कशी, येड्या, रडतस कशाला, सासरी कोनी इचारला तर सांगीन, माजी लेनी घारापुरीला हायेत. खोटा थोडाच हाय?"

गोजरा मटकन खाली बसली. एकोणपन्नास वर्षांचं सोनं तिच्या हातातून एका क्षणात गेलं. त्याचं दुःख झालं, अगदी खरं दुःख झालं, कारण ते सोनं तिने रोज पाहिलं होतं. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते त्याहून वाईट होतं. विहीर आठवली, बाजार आठवला, बेलापूर आठवलं.

मामा कष्टाने तिच्याशेजारी टेकला. तिच्या खांद्याला हात लावायला गेला आणि त्याने हात मागे घेतला.

"मना ठाव हाय तू कशापायी आली नायस येवडी वर्सं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बया गेली तवा मी आलो नाय. दर्या खवललेला, कोनी होडी घालीना. पन मी पवत यायला पायजे व्हता. सख्खी भैन गेली आन मी हितं बसलो. तुज्या आत्यानं हाकलला ता बरोबरच केलान. मना माफ कर, पोरी."

गोजराला गप्प राहता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. म्हाताऱ्याने स्वतःच कारण आणून तिच्या हातात ठेवलं होतं. ज्या बाईने आयुष्यात कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही, तिला तो मोह किती झाला असेल, याचा विचार करा. ती देवाच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"त्यापायी नाय, मामा," ती म्हणाली. "मना वाटला, लेनी म्हंजे सोना. मना वाटला तू आयचा सोना खाल्लंस. मी तुला चोर समजले."

बाहेर कोणीतरी कॅमेऱ्यासाठी पोरांना ओळीत उभं करत होतं, त्याचा गलका आत येऊन विरला.

"आठ वर्सांची व्हतीस तू," मामा म्हणाला.

"आता सत्तावनची हाय," गोजरा म्हणाली. ती रडत होती, आणि ते तिने पुसलंही नाही. "कालपतुर तुला चोरच बोलत व्हते. सगल्या गावाला सांगितलाय मी."

नंदिनी शोधत शोधत आली. "अहो गोजराबाई, इथे आहात होय! चला, पाणी भरायला लागलंय, हिरामण घाई करतोय." मग दोघांचे चेहरे बघून ती थबकली.

"तुमी जावा, बाय," गोजरा म्हणाली. "हिरामणला सांगा, उद्याच्या भरतीला परत ये. आमच्या घरी सांगा, नातीच्या लग्नाचा पयला आवतान द्यायला गेलेय. मामाला घेऊनच येतंव."

"मना?" मामा घाबरून म्हणाला. "नको गो. सगला गाव मना चोर समजतोय, आन मी तितं कुठल्या तोंडानं येव?"

"तू नुसता माज्या ओटीवर बस," गोजरा म्हणाली. "दारोदार मी जातंव. मी खोटा बोलले, ता ज्याला ज्याला सांगितला, त्याच्या दारात जाऊन सांगतंव."